मेव्हण्याचा दोर

"अक्का, दोर ओलांडू नको. वळसा घालून ये."

माझ्या हातात डिझेलचा कॅन होता. समोर फरशीवर दोराचं वेटोळं पडलेलं आणि त्याच्या पलीकडे आमच्या गाडीचं मागचं दार. ओलांडलं असतं तर एक ढांग. पण सांगणारा माझा पाठचा भाऊ रोहिदास होता आणि दोर मधाचा होता. कॅन सावरत मी गाडीला वळसा घातला.

"इथं कुठं कडा हाय रं?" मी पलीकडून म्हटलं. "काचेची बिल्डिंग ही. हिला कसलं सोवळं?"

"बिल्डिंग नवी आसंल, दोर त्योच हाय. दाजी, सांगा तुमच्या मंडळीला."

दाजी म्हणजे माझा नवरा. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. पण आता तो राहिला नाही आणि मला म्हातारपणी अक्षरं आली आहेत, तेव्हा लिहून टाकते. बारकू. तो कमरेचा पट्टा आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमचं भावाबहिणीचं तुम्ही बघा. मला त्यात धरू नका. मला वर बघायचंय."

वर बघण्यासारखं होतंच. सहाव्या मजल्याच्या काचेवर, छज्ज्याच्या खाली, परातीएवढा काळपट डाग होता. आग्या माशीचं जुनं मोहोळ. माश्या आपणहून उठून गेल्या होत्या. पोळं कुणीतरी बांबूनं पाडलं होतं, पण मेण आणि मध काचेला चिकटून राहिला होता आणि त्यावर सगळ्या रस्त्याची धूळ बसली होती. दिवाळी तोंडावर आलेली. साहेबांना काचा लख्ख पाहिजे होत्या.

आमची माणसं वेल्ह्याच्या अंगच्या डोंगरातली. कड्यावरचा मध काढायचा, हाच धंदा. माणूस कड्यात उतरला की दोर कुणी धरायचा, हे आमच्यात पिढ्यांचं ठरलेलं. सख्ख्या भावानं धरायचा नाही. भाऊ उद्या वाटणीला उभा राहतो. दोर धरायचा मेव्हण्यानं, बायकोच्या भावानं. दोर सुटला तर कुंकू त्याच्या बहिणीचं पुसतं, म्हणून तो सोडणार नाही. बाईनं त्या दोराला शिवायचंही नाही. आणि ज्याच्या हातून दोर सुटला, त्याच्या घराशी पुन्हा कुणी सोयरीक करायची नाही. माझा आजा पलीकडच्या खोऱ्यातलं असं एक घर दाखवायचा. त्या घरातल्या पोरी दारात बसून म्हाताऱ्या झाल्या होत्या.

पुढं डोंगराला कुंपणं पडली. आम्ही पुण्यात आलो. दोरावर लोंबकळायची सवय असलेल्या माणसाला शहरात एक काम पटकन मिळतं, काचा धुवायचं.

रोहिदास आमच्यात डोक्याचा. त्यानं एक जुना टेम्पो उभा केला, आत पाण्याची टाकी आणि पंप बसवला, आणि भंगारवाल्याकडून डिझेलवर चालणारा हीटर आणला. कुठल्याशा परदेशी बसमधून निघालेला. बटण दाबलं की आधी टिकटिक करायचा, मग गाडीच्या पोटाखालच्या नळीतून पांढरा धूर ओकायचा, आणि मग घूं करून धरायचा. थोड्या वेळात पाइपातून कढत पाणी. पारव्यांची घाण थंड पाण्यानं नुसती पसरते, गरम पाण्यानं सुटते. असली गाडी तेव्हा आमच्या बघण्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. वॉचमन लोक आम्हाला बघितलं की ओरडायचे, "आला रे बंब! टॉवेल आणा!"

हीटर माझ्याकडे असायचा. तेव्हा मला आकडे कळत नव्हते, म्हणून रोहिदासनं बायकोची नेलपॉलिश आणून चकतीवर लाल ठिपका दिला होता. "काटा हितवर, अक्का. म्होरं गेला की वाफ."

त्या सकाळी बारकूनं इमारतीला एक फेरी मारली आणि तो परत आला तो तोंड वाकडं करून.

"कोपऱ्याच्या पलीकडं दुसरं मोहोळ हाय. जितं. चांगलं सुपाएवढं."

"मग?" रोहिदास म्हणाला. "त्ये आपल्याला सांगितल्यालं न्हाई. आपलं काम ह्या डागाचं."

"डागाचंच करतो. पण पाणी कोमट दे. मेण कढलं की वास सुटतो, वाफ वर जाती. त्यांना वाटंल कुणीतरी घर जाळतंय."

"कोमट पाण्यानं दिवस जाईल, दाजी. दुपारला बाहेरची माणसं यायची हाईत. ह्यो डाग गेला तर मागच्या दोन बिल्डिंगीबी आपल्याला, वर्षभर. साहेबानं शब्द दिलाय."

"साहेब चढणार हाय का वर?"

"तसं न्हाई..."

"मग मी सांगतो तसं."

असं म्हणून बारकू लिफ्टनं गच्चीवर गेला. आमची पद्धत अशी होती. एक दोर गच्चीवरच्या लोखंडी खांबाला बांधायचा, त्यावरून तो स्वतः खाली सरकायचा. दुसरा दोर त्याच्या पाठीच्या कडीत. तो गच्चीच्या चाकावरून खाली जमिनीपर्यंत यायचा. खाली गाडीच्या मागच्या लोखंडी कड्याला त्याचे दोन वेढे घालायचे आणि शेंडा मेव्हण्याच्या हातात. दुसऱ्या कंपन्यांची पोरं हसायची. म्हणायची, बांधून टाका की कशालातरी, माणूस कशाला अडकवून ठेवता? बारकू म्हणायचा, "बांधल्याल्या दोराला काय कळतंय?"

तो सहाव्या मजल्यापर्यंत उतरला. मी हीटर लावला, काटा ठिपक्याच्या बराच अलीकडे ठेवला, पंप सुरू केला. पाइप फुगला. वर ब्रश फिरायला लागला. मेण सुटेना. काळ्याचं पिवळं झालं आणि पिवळं सगळ्या काचेभर पसरलं.

इमारतीचा मॅनेजर कर्णिक दारातून बाहेर आला. भला माणूस, पण घाईचा. "अहो रोहिदास, हे तर वाढलं! होतंय ना?"

"व्हतंय साहेब, व्हतंय." आणि कर्णिक आत गेल्याबरोबर मला, "अक्का, वाढव."

"न्हाई. ते काय म्हणालं ऐकलं न्हाईस का?"

"थोडं वाढव. वाईच. वर गार वारा हाय, पाणी पोचंपर्यंत थंड व्हतंय."

"मी हात लावणार न्हाई."

"मग सर."

एका हातात दोर धरून त्यानं दुसरा हात गाडीत घातला आणि चकती फिरवली. काटा ठिपक्याच्या पुढं गेला. हीटरचा आवाज बदलला, चुलीत तेल पडल्यासारखा. आणि वर, बारकूच्या ब्रशाभोवती वाफेचा गोळा उठला. थंड हवेत चांगला पांढरा दिसत होता. मेण मात्र झरझर सुटलं, काचेवरून तेलासारखं ओघळलं. रोहिदास हसला. "बघ! उगाच भितीस."

वरून बारकू ओरडला. शब्द कळले नाहीत. मग त्यानं पाइप सोडून दिला आणि दोन्ही हात हलवले.

वाफ वाऱ्याबरोबर कोपऱ्याकडे गेली होती.

आग्या मोहोळ उठलं की आधी आवाज येतो. लांब कुणीतरी गोणपाट फाडत असल्यासारखा. लहानपणापासून तो आवाज माझ्या पोटात आहे. मी चकती उलटी फिरवली, पंप बंद केला, आणि बघते तर कोपऱ्यावरून काळं फडकं यावं तशा माश्या आल्या. काही बारकूकडे गेल्या. पण गरम हीटर, त्याचा धूर, त्याचा आवाज खाली होता. पुष्कळ खाली आल्या.

"रोहिदास, खाली घे त्यांना! सोडत सोडत घे!"

पहिली माशी त्याच्या डोळ्याखाली बसली. त्यानं एक हात उचलून मारली. मग मानेवर. मग कानात. तो "आई गं" म्हणाला, लहानपणी पडला की म्हणायचा तसंच. आणि त्यानं दोन्ही हात तोंडावर घेतले.

दोर कड्यातून सळसळत सरकायला लागला.

वर बारकूच्या हातांवर माश्या बसल्या होत्या, गच्चीच्या खांबाला बांधलेल्या दोरावर त्याला पकड धरवेना. तो सुटून खाली येत होता, दोन हात, चार हात, भिंतीला धडकत. मी काही ठरवलं नाही. मी दोर धरला. तळहात भाजले. दोर थांबेना, म्हणून मी आणखी एक वेढा कड्याला टाकला, पाय गाडीच्या चाकाला लावला आणि मागं पडले. थांबला. मग सोडत गेले. थोडा सोडायचा, थांबवायचा, थोडा सोडायचा. माश्या माझ्या डोक्यात शिरल्या होत्या, पदराखाली, ओठांवर. डोळा एकच उघडा राहिला होता. त्या डोळ्यानं मी बारकूकडे बघत होते आणि मध्येच गाडीच्या पुढच्या भागाकडे.

रोहिदास आत बसला होता. काचा वर केलेल्या. काचेवर माश्या आपटत होत्या आणि त्यांच्या मागं त्याचं तोंड. तो माझ्याकडेच बघत होता. मी ओरडले नाही. तोंड उघडलं असतं तर माश्या आत गेल्या असत्या.

बारकू जमिनीला टेकला तेव्हा मला कळलं, कारण दोर हलका झाला. मग मी हात सोडले. सोडले म्हणजे, चिकटलेले काढले.

वॉचमन घोंगड्या घेऊन धावत आले. तोपर्यंत माश्या पांगायला लागल्या होत्या. रोहिदासही खाली उतरला होता. त्यानं घाईघाईनं दोराचा शेंडा उचलला आणि बारकूच्या पाठीची कडी काढायला लागला. कर्णिक नाकाला रुमाल लावून आला. "कोणी उतरवलं ह्यांना? दोर कोणाकडे होता?"

मी घोंगडीखाली होते. बोलायला ओठ राहिले नव्हते.

बारकूचे दोन्ही डोळे मिटले होते, तोंड भोपळ्यासारखं. तरी तो बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मेव्हण्यानं. दोर मेव्हण्याकडं असतो आमच्यात. त्यानंच उतरवलं मला."

मला वाटलं, बिचाऱ्याला दिसलं नसेल.

सरकारी दवाखान्यात आम्हाला काही दिवस ठेवलं. पुरुषांचा वॉर्ड वेगळा, बायकांचा वेगळा. माझ्या तळहातांची कातडी गेली होती, नर्सनं विचारलं तेव्हा रोहिदासच म्हणाला, "गरम पाण्यानं पोळलं. हीटर व्हता ना गाडीत." नर्सनं तसंच लिहिलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो मोसंबी सोलत बसला होता माझ्यासाठी.

घरी आल्यावर एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. बारकूला एका डोळ्यानं दिसायला लागलं होतं. मी म्हटलं, "एक सांगायचं हाय. तुमचा दोर रोहिदासनं सोडला व्हता."

"ठाऊक हाय."

"तुम्हाला दिसलं?"

"दिसायला कशाला पायजे? दोराला हात कळतो." तो भिंतीकडे तोंड करून बोलत होता. "त्याचा हात हिसके देतो. तू कणीक मळल्यावानी सोडत व्हतीस. थांबून थांबून."

मला रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही.

"मग साहेबाला तसं का सांगितलं?"

"मग काय सांगू? मेव्हण्यानं दोर सोडला? त्याच्या सुमनचं लगीन जमतंय, त्ये मोडंल. तुझं म्हायेर जाईल. आन् मी बाईच्या हातनं उतरलो म्हणून सांगू? माझ्या तोंडावर कोण थुंकायचं ऱ्हाईल?"

पहिल्या दोन गोष्टी मी ऐकल्या. तिसरी तेव्हा कानावरून गेली. सुमन रोहिदासची लेक, माझ्या मांडीवर वाढलेली पोर. मी म्हटलं, "बरं. गप ऱ्हाते." आणि खरं सांगायचं तर मला त्याचं जड गेलं नाही. त्याला ठाऊक होतं. आणखी कुणाला ठाऊक असायची मला गरज नव्हती.

भाऊबिजेला आम्ही रोहिदासच्या घरी वारज्याला गेलो. मला वाटलं होतं, घरातलीच माणसं असतील. पण चपला जिन्यापर्यंत आल्या होत्या. डोंगरातून गोमाजीबाबा आले होते, आमच्यातले सगळ्यात वयस्कर. सुमनच्या होणाऱ्या सासरची माणसं होती. रोहिदासची बायको वच्छी नवं लुगडं नेसून धावपळ करत होती. मला बघून म्हणाली, "वन्सं, या. हात कसं हाईत? ताट मी तयार केलंय, तुम्ही नुसतं ओवाळा."

गोमाजीबाबांनी फेटा आणला होता. गुलाबी. म्हणाले, "कड्यावर दोर धरणारं लई बघितलं. पण अंगावर आग्या बसली आसताना ज्यानं दोर सोडला न्हाई, असा मेव्हणा माझ्या जन्मात पयला. बारकू, तुझ्या हातानं बांध."

बारकू उठला आणि त्यानं बांधला. चांगला बांधला. रोहिदासची मान खाली होती. लोकांना वाटलं, लाजतोय.

"सांग की रं कसं झालं," कुणीतरी म्हणालं.

बारकूनं सांगितलं. आधी थोडं सांगितलं. मग लोक "हां, हां" करायला लागले तसं वाढवत गेला. माश्या कशा आल्या, तो कसा सुटला, आणि खाली मेव्हणा चाकाला पाय लावून कसा मागं पडला. चाकाला पाय. ते मी दवाखान्यातून आल्यावर त्याला सांगितलं होतं.

मी ताट घेऊन उभी होते. हातांना फडकी गुंडाळलेली, म्हणून ताट मनगटांवर घेतलं होतं.

सुमनच्या सासऱ्यांना एक शंका होती. वाकड्यात नव्हते ते, पण चौकस होते. "न्हाई, आमचा एक पाव्हणा त्या बिल्डिंगीवर वॉचमन हाय," ते म्हणाले. "त्यो सांगत व्हता, गाडीत कुणीतरी काचा लावून बसल्यालं दिसलं म्हणं. त्ये कोण?"

वच्छीच्या हातातली वाटी थांबली. रोहिदासनं मान वर केली आणि फेट्याखाली त्याचं तोंड राखेसारखं झालं. मी बारकूकडे बघितलं. मनात म्हटलं, आता काही बोलू नका. हसून टाका, विषय बदला. वाफेनं काही दिसलं नसेल म्हणा. एवढंच.

बारकू हसला.

"त्ये व्हय? आमची ठकी की!"

सगळे माझ्याकडे वळले.

"म्या वर मरतोय आन् ही आत काच लावून बसल्याली. माशी बघितली आन् पळाली. जाताजाता हीटरलाच हात लावला, येडीनं. बघा की हात!"

खोली हसली. गोमाजीबाबा हसता हसता खोकले. "बाईमाणूस हाय रं, चालायचंच." सुमनचे सासरे हसले, आता त्यांची शंका फिटली होती. वच्छीही हसली, तिला बहुतेक ठाऊक नव्हतं. हसला नाही तो फक्त रोहिदास.

"चल गं ठके, ओवाळ तुझ्या भावाला," गोमाजीबाबा म्हणाले. "तुझं कुंकू राखलंय त्यानं."

मी ओवाळलं. फेट्यावर अक्षता टाकता येईनात, बोटं वळत नव्हती, म्हणून वच्छीनं टाकल्या. रोहिदास पाया पडायला वाकला आणि तिथंच, पायाशी, हळू बोलला, "अक्का, मला ठाऊक नव्हतं दाजी असं बोलतील."

त्याला मी माफ केलं होतं की नाही, आठवत नाही. भ्याला होता. भिणारा माणूस मला कळतो. तोच माझा भाऊ, लहानपणी पाण्याला भिऊन माझ्या कडेवर ओढा ओलांडायचा. पण बारकू भ्याला नव्हता. तो चार माणसांत बसून, पोटभर जेवून, हसत बोलला होता.

परतीच्या वाटेवर बसमध्ये तो म्हणाला, "येळ निभावली बघ. सुमनचं मोडलं आसतं." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "गमतीनं म्हणालो. तुला काय कळत न्हाई का?"

हात भरून आले तशी कामं सुरू झाली. कर्णिकनं मागच्या दोन्ही इमारती आम्हाला दिल्या. मेव्हण्याची गोष्ट त्याच्याही कानावर गेली होती आणि त्याला ती फार आवडली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पहिल्या दिवशी तो मुद्दाम बाहेर येऊन उभा राहिला. थंडी चांगली पडली होती. मी हीटर लावला. टिकटिक झाली, धूर आला, घूं करून धरला. रोहिदासनं कड्याला दोन वेढे घातले आणि शेंडा हातात घेतला.

बारकू पट्टा आवळून निघाला. दाराकडे जाताजाता तो वळला आणि माझ्याजवळ आला. कर्णिकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "तू हितंच उभी ऱ्हा. दोराच्या अंगाला. लांब जाऊ नको."

"का?" मी म्हटलं. "दोर त्याच्या हातात हाय की."

त्यानं रोहिदासकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उभी ऱ्हा म्हंतो ना."

मी फडक्याला हात पुसले.

"मी गाडीत बसते," मी म्हटलं. "काच लावून. माझी जागा तिथं हाय ना?"

आणि मी गेले. गाडीला वळसा घातला नाही. दोर ओलांडून गेले. रोहिदास बघत राहिला. पुढचं दार उघडून मी आत बसले आणि दोन्हीकडच्या काचा वर केल्या. पाठीमागं हीटर घुमत होता. पाणी तापत होतं.

बारकू तिथंच उभा. रोहिदासनं त्याला काहीतरी म्हटलं, बहुतेक 'चला'. कर्णिकनं घड्याळ बघितलं. बारकूनं एकदा वर बघितलं, गच्चीकडे, आणि एकदा रोहिदासच्या हातांकडे. लिफ्टचं दार दहा पावलांवर होतं. तो गेला नाही. बराच वेळ गेला नाही. मग त्यानं सगळ्यांच्या देखत कमरेचा पट्टा सोडला आणि फरशीवर टाकला.

त्यानंतर तो कधी दोरावर चढला नाही. एका सोसायटीच्या फाटकावर काठी घेऊन बसला, मरेपर्यंत. रोहिदासनं दुसरी माणसं ठेवली, आणखी गाड्या केल्या. आमच्यात अजूनही म्हणतात, बारकू वाघ होता, बायकोनं त्याच्या मनात भीती घातली. माझ्या तोंडावरसुद्धा म्हणतात.

पण त्या सकाळी, पट्टा टाकल्यावर, तो गाडीपाशी आला होता. काचेवर त्यानं बोटं वाजवली. वाकून काहीतरी बोलला. लांबलचक बोलला, मध्ये थांबला, पुन्हा बोलला. ओठ हलताना दिसत होते. हीटरच्या घुमण्यात मला एक शब्दही ऐकू आला नाही.

मी काच खाली केली नाही. आणि तो ते पुन्हा कधी बोलला नाही.